उदाहरणात बाबांचा नंबर

...नाही, मला सांगा, असले कागद कुणी वाचतं का? पाच वर्षं लांब जाऊन शिकले, परत येताना डोक्यात काय, तर आपल्या माणसांसाठी काम करायचं, दवाखान्यात पेशंटच्या उशाशी उभं राहायचं. आणि मिळालं काय? एक खुर्ची, एक स्क्रीन आणि मॅनेजरबाईंचा हुकूम, "तू एजंटांसाठी माहितीपुस्तिका लिही." एजंट म्हणजे माणसं नव्हेत हं, कॉम्प्युटरमधले मदतनीस. एक अपॉइंटमेंटची आठवण करून देतो, एक ऑपरेशनआधीच्या सूचना धाडतो, सगळं चॅटवरून. कुणाला, कधी, कुठल्या शब्दांत मेसेज पाठवायचा ते मी लिहायचं आणि त्यांनी रोज कामाला लागण्याआधी वाचायचं. मी म्हटलं, लिहू की, माणसांसाठी लिहिलेलं माणसं वाचत नाहीत, हे कोण वाचतंय? पण तुम्हाला सांगते, तो वाचतो. सगळं वाचतो.

आणि मी लिहिलं तरी किती जीव ओतून... "मेसेज नम्र असावा, ठाम असावा, वाचणाऱ्याला विश्वास वाटावा." खाली एक उदाहरण दिलं, "आपली शस्त्रक्रिया आज दुपारी चार वाजता आहे. आत्तापासून काहीही खाऊ-पिऊ नये." उदाहरणाला नंबर हवा, आणि मला या जगात पाठ असलेला नंबर एकच, बाबांचा. हरवलीस तर सांग म्हणून लहानपणी आईने घोकून घेतलेला. टाकला. उदाहरण तर आहे, त्याला कोण विचारतो?

गुरुवारी सर्जन रजेवर, म्हणून ऑपरेशनची यादी रिकामी. माणूस असता तर चहाला गेला असता. हा ऑपरेशनवाला एजंट कसला जातो? यादीत कुणी नाही म्हटल्यावर याने पुस्तिका उघडली, उदाहरण दिसलं, सकाळी साडेआठला पाठवून मोकळा. वाचतो ना, काय करणार.

मला कळलं साडेअकराला. आईचा फोन. "अगं, यांनी सकाळी डायबेटिसची गोळी घेतली आणि मग नाश्त्याला हातच लावला नाही. दरदरून घाम सुटलाय, हात थरथरतायत, साखर तोंडाशी नेली की ओठ मिटून घेतात. दवाखान्याचा मेसेज आलाय म्हणतात."

मी म्हटलं, फोन दे त्यांना. "बाबा, तो मेसेज खोटा आहे, मीच लिहिलाय, आधी साखर खा."

"तू कशाला लिहिशील? तू काय डॉक्टर आहेस?" आवाज इतका बारीक झालेला... "तुम्ही दोघी माझ्यापासून काहीतरी लपवताय. लपवा. पण नियम म्हणजे नियम."

आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या हातात फोन दिला, तर म्हणाले, "ही तुझी मैत्रीण. मला लेखी पाहिजे."

लेखी. घर पाऊण तासावर, आणि यांना लेखी पाहिजे. मी एजंटाला लिहिलं, बाबा रे, शस्त्रक्रिया रद्द झाल्याचं कळव, याच नंबरवर, ताबडतोब. तो म्हणतो कसा, "रद्द करण्याची पद्धत पुस्तिकेत दिलेली नाही. कृपया संबंधितांशी संपर्क साधावा." संबंधित मीच होते हो. एक ओळ तीनदा खोडली, पण लिहिलं, "रद्द कसे करावे," खाली मजकूर, "आपली शस्त्रक्रिया रद्द झाली आहे. ताबडतोब साखरेचे पाणी घ्यावे." जतन केलं. आणि तो... वाचत बसला. आपल्याला एरवी वाटतं, कुणीतरी आपलं लिखाण मन लावून वाचावं. मी देवाला म्हणत होते, आज दोन पानं गाळ, पण लवकर वाच. गाळतोय कसला, पहिल्या पानापासून वाचतो तो.

गेला मेसेज. फोनवर आईचा आवाज, "चष्मा मागतायत..." मग ग्लासात चमचा फिरल्याचा आवाज. मी तिथेच फरशीवर बसले. पाच-सात मिनिटांनी बाबा स्वतः बोलले, "रद्द झालं गं. बघ, किती सभ्य भाषेत कळवलंय. तुमच्यात कुणीतरी शिकलेलं आहे."

संध्याकाळी घरी जाऊन त्यांचा हात हातात घेतला तर माझाच गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं, नंबर काढ, सगळी शून्यं टाक." मी म्हटलं, शून्यांना घाम फुटला तर मला कोण कळवणार? यापुढे जे चुकेल ते आधी माझ्याकडे आलं पाहिजे. आणि उदाहरणात माझाच नंबर टाकला.

सर्जन अजून रजेवर, यादी रिकामीच, त्यामुळे अकरा वाजेपर्यंत माझी तीन ऑपरेशनं ठरली. तिन्ही मेसेज इतके नम्र, इतके ठाम, की काय सांगू... डबा काही मला उघडवला नाही.