तीन मणाचा जावई

मास्तर, तुमी लिवून घेताय आन् म्हंताय पयल्यापास्नं सांगा, तर पयल्यापास्नं सांगतो, पर मधी थांबवायचं न्हाई, मी एकदा सुरू झालो की माझं मलाच आवरत न्हाई. माझं नाव हिंदुराव. गाव ह्येच, साताऱ्यापास्नं सात-आठ मैलांवर, नदीकाठचं, उसाचं. बा शेतकरी, चुलता फौजेत. मी थोरला, आन् जन्मापास्नंच आडमाप. आई सांगायची, सुईनीनं मला हातात घेतलं आन् म्हनली, हे प्वार तालमीत जायाचं. तसंच झालं. दहाव्या वर्सी लंगोट लावला, अठराव्या वर्सी गावानं मला आपला पैलवान केला.

आता गावाचा पैलवान म्हंजी काय, ते तुमास्नी सांगाय पायजे, तुमी तिकडं शहरगावातलं. आमच्यात पद्दत हुती, गावानं एक गडी धरायचा आन् त्येच्या खुराकाला घरटी दूध लावायचं. आज पाटलाचं, उद्या सुताराचं, परवा माळ्याचं, अशी पाळी. सकाळी एक चरवी, सांजला एक चरवी, घरची बाई सोता घिऊन याची आन् मी पिऊन चरवी रिकामी करूस्तवर दारात उभी ऱ्हायाची. त्येच्या बदली मी काय करायचं, तर जत्रंत गावाचं नाव राखायचं. राखलं की वं! सा वर्सं राखलं. फेटं बांदलं, हलगी लावून मिरवलं, लय झालं.

मग सांगलीच्या मैदानात खांदा निखळला. समोरचा गडी काय माझ्यापरास थोर नव्हता, पर मी घाई केली आन् हात खाली गावला. हाडवैद्यानं खांदा बसवला आन् म्हनला, परत मातीत उतरलास तर हात जलमाचा जाईल. झालं, कुस्ती संपली.

तर कुस्ती सुटली, तालीम सुटली, जोर सुटलं, बैठका सुटल्या, पर दूध न्हाई सुटलं! हितंच सगळा घोळ झाला, मास्तर. गावानं कसं म्हनायचं की आता तुझं दूध बंद, गड्याचं मन मोडंल. आन् मी कसं म्हनायचं की नगं, दारात आलेलं दूध माघारी धाडलं तर त्या घराचा आपमान. दोनी अंगानं भीड. तीन वर्सं दूध येत ऱ्हायलं आन् मी पीत ऱ्हायलो. गोठ्यापास्नं ओट्यापत्तूर आन् ओट्यापास्नं ताटापत्तूर, येवढंच माझं चालनं. एकदा गुऱ्हाळावर पोरांनी मस्करीत मला काट्यावर बसवलं. एका पारड्यात मी, दुसऱ्यात तीस-तीस किलोच्या चार ढेपा, तरी माझंच पारडं खाली. पोरं हसली, मीबी हसलो. तवा मला त्येचं काय वाटलं न्हाई.

आता माझी बायको हौसा. ती मेढ्याच्या अंगाची, डोंगरावरच्या वाडीतली. खाली पायथ्यापत्तूर यष्टी जाती, तितनं वर दोन तासाची उभी चढन, रस्ता न्हाई, पायवाट. लगीन आमच्या दारात झालं, सना-वाराला तिचा भाऊ शंकर तिला न्यायला याचा, तोच आनून घालायचा, त्येच्यामुळं मला सासुरवाडी चढायची कदी पाळीच आली न्हाई. हौसा पयल्या बाळंतपनाला म्हायेरी गेली. दिवाळीनंतर निरोप आला, मुलगी झाली. आवं, काय सांगू तुमास्नी, मी पेढं वाटलं! पोरगी झाली म्हनून पेढं वाटनारा गावात मी पयला, लोकं म्हनली पैलवानाचं डोस्कं फिरलं.

बाराव्या दिशी बारसं ठरलं. माझी भैन आक्का, म्हंजी बाळाची आत्या, कानात नाव सांगनारी तीच, ती कुंची-टोपडं घिऊन माझ्यासंगं निघाली. यष्टीनं पायथ्याला उतरलो. आक्का पुढं, मी मागं. पाव वाट गेलो न्हाई तवर धाप लागाय लागली. निम्म्या वाटंला एक चपटा धोंडा हाय, डोईवरचा भारा टेकाय ठिवलेला. त्येच्यावर मी बसलो, आन् बसलो तो बसलोच. डोळ्याम्होरं काळं, पाय लटलट, छातीत नुस्ती धडधड. आक्का म्हनली, दादा, ऊठ की रं, थोडंच ऱ्हायलंय. मला उठवंना. शेवटी मी तिला म्हनलं, तू जा वर, सांग की माझं पोट दुकतंय. आन् मी माघारी फिरलो. पोरगी वर बारा दिसांची, आन् बाप खाली यष्टीची वाट बघत बसलेला.

दुसऱ्या दिशी आक्का आली ती कुंची तशीच घिऊन. म्हनलं नाव काय ठिवलं? ती म्हनली, काय न्हाई ठिवलं. पाळना बांदलेला, बाया जमलेल्या, घुगऱ्या शिजलेल्या, आन् हौसा उठून म्हनली, बाप आल्याबिगार माझ्या लेकीचं नाव ठिवायचं न्हाई. सासू रडली, सासरा रागावला, ती काय हलली न्हाई. बाया घुगऱ्या खाऊन घरी गेल्या.

मग मेढ्याच्या बाजारात शंकर भेटला. सासरा मानूस भला, त्यानं निरोप धाडलेला, जावईबापूंनी काळजी करू नये, चार गडी आन् डोली पाठवतो, बसून या. आता डोली म्हंजी काय, डोंगरातलं आजारी मानूस, अडल्याली बाई, त्यास्नी खाली आनायला झोळी असती ती. आन् मी, गावाचा पैलवान, डोलीत! पर खरं सांगतो मास्तर, तुमच्याफुडं काय लपवायचं, मला बरं वाटलं. मी हो म्हननार हुतो. तर शंकर खाली मान घालून म्हनला, दाजी, हौसाताईनं येगळा निरोप दिलाय. ती म्हंती, डोलीतनं आलं तर मी दार उघडायची न्हाई. सोताच्या पायानं या. मिरगाच्या आदी या, मिरगानंतर वाट बंद, मग दसऱ्यापत्तूर लेक बिननावाचीच ऱ्हाईल.

मला आसा राग आला! म्हनलं, माझी बायको आन् मला अटी घालती? चार दीस धुसफुसलो. पाचव्या दिशी उठून तात्याच्या घरी गेलो.

तात्या म्हंजी आमच्या आळीतला, फौजेतनं हवालदार हून आलेला, एका पायानं थोडा लंगडा, तोंडानं लय तिखट. त्येला सगळं सांगिटलं. त्यानं मला वरनं खाली बघिटलं आन् म्हनला, पैलवान, तुला ताकद हाय, दम न्हाई. कुस्ती दहा मिन्टाची असती, डोंगर दोन तासाचा असतो. उद्या पाटे पाचला कालव्यावर ये. आन् एक कायदा. थांबलास तरी चालंल, पर बसायचं न्हाई.

दुसऱ्या दिशी पाच वाजता तात्या सायकलीवर आन् मी त्येच्या म्होरं. पयला पंधरवडा नुस्तं चालनं. मग चालनं-पळनं, चालनं-पळनं, ह्या बाभळीपास्नं त्या मोरीपत्तूर पळ, तितनं चाल. मी मंदावलो की तात्या मागनं घंटी वाजवायचा. उसाला पानी पाजनारं गडी बांदावर बसून बघायचं. कुत्री मागं लागायची. कोनतरी वराडलं, पैलवान, पाटलाची म्हस सुटलीया, तिला बी घ्या संगं! तात्या म्हनायचा, हसू दे, हसनारा बसलाय आन् तू पळतोयास. मांड्यांची कातडी सोलून निघाली. आई खोबरेल लावायची आन् रडायची.

महिना झाला. मी मोठ्या ऐटीत गुऱ्हाळावर गेलो आन् काट्यावर बसलो. चार ढेपा. पारडं तिथंच! मास्तर, मी गुळव्याच्या म्होरं रडायचाच ऱ्हायलो हुतो. तात्याला काय कळंना. तो म्हनला, चल तुझ्या घरी, बघू तू काय करतोस ते. आन् घरी आलो तर दारात सुतारीनकाकू चरवी घिऊन उभी. मी घटाघटा दोन शेर दूध प्यालो, वर आईनं तूप सोडलेलं. तात्या कपाळावर हात मारून ओट्यावरच बसला. म्हनला, आरं येड्या, पळतोस वाटीभर आन् पितोस चरवीभर! दूध बंद कर.

बंद कर म्हनायला काय जातं! पळनं सोपं, मास्तर, मांडी सोलली तर तेल लावता येतंय. पर बारा घरच्या बारा बायांस्नी नगं कसं म्हनायचं? आई म्हनली, आरं, गावाचं दूध लाथाडलं म्हनत्याल, आपल्याला मयताला मानूस मिळायचं न्हाई. दोन रात्री झोप न्हाई. शनिवारी सांजला मारुतीच्या म्होरं सगळी बसत्यात, तितं गेलो, पायातलं काडलं, आन् हात जोडून उभा ऱ्हायलो. म्हनलं, गावानं मला लेकरावानी पाजलं, मी कदी फिटनार न्हाई, पर आता माझं दूध थांबवा. पाटलांची मान वर. कोनतरी म्हनलं, मग गावाचा पैलवान कोन? तवा माझ्या तोंडातनं निघून गेलं, इच्यार करून न्हाई, आपोआप,

गावाचा पैलवान सांगलीतच संपला. आता मला बाप व्हायचंय.

मग पाटील खाकरलं आन् म्हनलं, हिंदुराव, आमालाबी तीन वर्सं हेच म्हनायचं हुतं, तुला वाईट वाटंल म्हनून गप हुतो. आन् सगळा पार हसाय लागला! बगा की, तीन वर्सं मी त्यांची भीड धरली आन् त्यांनी माझी. दुसऱ्या दिसापास्नं दूध तालमीतल्या पोरांस्नी जाय लागलं, आन् मला भाकरी, पालंभाजी, ताक. पयलं आठ दीस भुकंनं डोळं फिरलं, सुतारीनकाकूच्या चरवीचा आवाज आला की हात आपसूक फुडं व्हायचा.

पर मग! मग काय सांगू तुमास्नी! अंग हालकं व्हाय लागलं. पयल्यांदा एक मैल न थांबता पळालो, मग दोन, मग चार. धोतार कमरंला दोन वेढं जादा घ्याय लागलं. एक दिशी पळता पळता ध्यानात आलं की घंटी ऐकू येईना, मागं बघिटलं तर तात्या सायकलवर घामाघूम, लांब ऱ्हायलेला! मी आनंदानं वराडलो, उसातलं गडी उठून उभं ऱ्हायलं. मग तात्या मला साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर न्याय लागला, सोता खाली चा पीत बसायचा आन् मला दोनदा वर-खाली करायला लावायचा. वैशाखात काट्यावर बसलो तर तीन ढेपा वजनदार आन् मी वर. गुळव्यानं मला सोताच्या हातानं काकवी दिली, मी म्हनलं, नगं बाबा, डोंगूर हुईपत्तूर नगं.

मिरगाला दहा दीस ऱ्हायलं तवा वर निरोप धाडून निघालो. आक्का संगं, कुंची नवी शिवलेली, जुनी आता काय बसायची न्हाई. पायथ्याला उतरलो. आक्का म्हनली, दादा, दमानं. मी म्हनलं, तूच दमानं ये. चढाय लागलो. ऊन मरनाचं. निम्म्या वाटंला त्यो धोंडा आला. पाय आपसूक थांबलं. बसायची लय इच्छा झाली, खोटं कशाला बोलू, छाती भरून आलेली. हुबा ऱ्हायलो, दहा श्वास मोजलं, आन् निघालो. तितनं वर मी नवा, ती वाट मी कदी बघिटलीच नव्हती. कडा, मग करवंदाची जाळी, मग वळन, आन् वळनावर हौसा. काखंत पोरगी.

माझ्या छातीचा नुस्ता भाता चाललेला. तिनं माझ्याकडं बघिटलं, पायापास्नं डोक्यापत्तूर. मला वाटलं वाळला म्हनंल, काळा झाला म्हनंल. तर ती म्हनली,

बारशाच्या दिशी मी हितंच हुबी हुते, बाळाला घिऊन. हितनं खालचा धोंडा दिसतो, तुमी त्येच्यावर बसल्यालं बघिटलं. माघारी वळल्यालं बी बघिटलं.

मास्तर, मी सा महिनं त्या बाईला पोट दुकलं म्हनून सांगून बसलेलो. आन् तिनं वाडीत, आई-बाला, भावाला, कुनाला म्हंजी कुनाला त्ये सांगिटलं न्हाई. सगळ्यांची बोलनी खाल्ली, नवऱ्यानं टाकली असं बी ऐकून घेतलं, पर माझी पाठ तिनं कुनाला दावली न्हाई. मी तितंच रडलो, मोठ्यानं. पोरगी मला बघून आनखी मोठ्यानं रडाय लागली. हौसानं तिला माझ्याकडं दिली आन् म्हनली, घ्या, आता तुमीच गप करा. सांजला बारसं झालं. आक्कानं कानात कुर्र केलं, नाव ठिवलं लक्षुमी, माझ्या आजीचं.

ह्येला पाच वर्सं झाली. तात्या आता सायकल मारत न्हाई, पर मी पाटे उठतो, कालव्यावर जातो, आता माझ्या मागनं चार पोरं पळत्यात. दर मे महिन्यात आमी तिघं सासुरवाडीला जातो, लक्षुमी म्होरं पळती, मी मदी, हौसा मागं. खाली सपाटीवर ऱ्हाऊन हौसाला आता धाप लागती, ती धोंड्यावर टेकती, आन् मी तिच्या शेजारी हुबा ऱ्हातो, तिचा दम खाऊन हुईपत्तूर. घाई न्हाई करत.

तुमचं लगीन व्हायचंय न्हवं, मास्तर? लिवा मग. देव करो आन् तुमाला अशी बायको मिळो, जी तुमच्यासाटी खाली उतरायची न्हाई, आन् तुमी खालनं माघारी फिरला तर वरनं बघून गप ऱ्हाईल.