कायदा गेला, पण आजपासून

हॅलो?… कोण, नोरीन? अगं, भरदुपारी कचेरीतून? बाबा बरे आहेत ना?… मग किंचाळतेस कशाला!

काय रद्द झालं?… कुठला कायदा?… थांब, इकडे बटाट्यांचं पाणी उतू चाललंय, शेगडी बारीक करते… हं, बोल.

लग्नाचा? म्हणजे लग्न केलं की बाईनं सरकारी नोकरी सोडायची, तो? गेला?… पुरताच?

बटाटे उतरवले एकदाचे. ऐकतेय.

अभिनंदन… अगं म्हटलं की अभिनंदन! आता काय नाचून दाखवू? जुलैत कायदा गेला, ऑगस्टात तुझं लग्न. नशीब काढलंस हो! मला बघ. शुक्रवारी टेबल रिकामं करायला लावलं आणि शनिवारी चर्चमध्ये उभी केली. निरोपाला चहाची किटली दिली, म्हणे आता हिचीच गरज पडेल… आणि सोमवारी माझ्या खुर्चीवर कोण? तू!… हो, शब्द मीच टाकला होता. म्हणून काय वाटायचं नाही मला?

अगं ऐक ना. रद्द म्हणजे नेमकं काय गं? माझा राजीनामाही रद्द?… नाही?… मग चूक झाली असं तरी म्हणाले का कुणी?… तेही नाही. आजपासून फक्त. वा! आजच्यांना मोकळं रान, आणि कालच्यांनी घरी बसून टाळ्या वाजवायच्या!

हो, जळतेय मी! सख्ख्या बहिणीवर जळतेय. ताई, ताई करू नकोस.

काय?… जागा निघाल्यात? लग्न झालेल्यांनाही?… मी जुनी आहे म्हटलं… तरी तळापासून? बरं, मुख्य कोण आहे आता तिथं?

तू?

कधीपासून?… ईस्टरपासून! आणि मला आत्ता सांगतेस?… वाईट वाटेल म्हणून. वाटलंच असतं! म्हणजे मी तुझ्या हाताखाली? तुला टाइप करायला कुणी शिकवलं, नोरीन? एका बोटानं टकटक करायचीस, कोंबडीनं दाणे टिपावेत तशी!… ठेवते मी फोन. नाही, ठेवतेच.

…मुलाखती कधीपर्यंत म्हणालीस?… उद्या शेवटचा दिवस?

थांब जरा. कॉन! अहो कॉन! उद्या मुलांकडे तुम्ही बघायचं. मी शहरात, कॉर्कला जातेय… नोकरीच्या मुलाखतीला!… हो, पोटभर आहे घरात, पण मला जायचंय… सासूबाईंना मी सांगेन, तुम्ही नका मध्ये पडू.

हं, नोरीन. येतेय मी. पण कचेरीत तुला बाईसाहेब म्हणणार नाही, सांगून ठेवते… काय? मिस डिनीन म्हणावंच लागेल?… म्हणेन, ऑगस्टपर्यंत. मग तू मिसेस होशील…

अगं! त्या कचेरीत आजवर कुणालाच मिसेस म्हटलेलं नाही, नाही का? टिकलीच नाही ना एकही!… लगेच कामावर घेतायत म्हणालीस? तुझ्या लग्नाच्या आधीच?

मग पहिली मिसेस मी! तू नाही, मी!… रडतेस काय वेडे… अगं, मीसुद्धा… ठेव, ठेव आता. कोटाला इस्त्री करायचीय मला.