गर्दीकडे बघून

बाईंचा हात मोडला होता, कान शाबूत होते. प्लास्टरसाठी त्या बाकावर ताटकळत बसल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर दोघे भाऊ होते, दोघेही डीजे. धाकट्याच्या कार्यक्रमात हॉलमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत सापडलेली थोरल्याची बायको आत अतिदक्षता विभागात होती.

“सगळा सेट घरूनच ठरवून नेला होतास ना?”

“हो दादा. एकामागून एक गाणी लावलेली. नुसतं बटण दाबायचं.”

“तरी मी घसा कोरडा करून सांगत होतो. मान वर कर, गर्दीकडे बघ. काय वाजवायचं ते लोकच सांगतात.”

“बघितलं की.”

“कधी?”

“शेवटी. मागून लोटालोटी सुरू झाली, ते मला कळलंच नाही. पुढे वहिनी दिसली. माझ्याकडे बघून दोन्ही हात हलवत ओरडत होती.”

“आणि?”

“मला वाटलं, रंगात आलीये.”

बाईंना मागे वळून बघवेना.

“मग काय केलंस?”

“तुझं ऐकलं, दादा. ठरलेलं गाणं सोडलं, तिच्या आवडीचं लावलं. आणि आवाज वाढवला.”