बुडबुडा नसलेलं पाणी

समारंभाच्या अध्यक्षा, प्राचार्या कामिनी मॅडम, संस्थेचे सचिव माननीय शालिग्राम आबा, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणी, नशिराबादहून आवर्जून आलेली मंडळी, आणि आजचे सत्कारमूर्ती जहांगीरभाऊ व जरीनाभाभी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील, मॅडमनी सांभाळून घ्यावं.

जहांगीरभाऊंनी एकतीस वर्षं आपल्या भूशास्त्र विभागात दगड कापले. आरपार उजेड दिसेल इतका पातळ काप हातानं घासून काढणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. बोटं इतकी झिजली की हजेरीच्या यंत्राला त्यांचा अंगठा कधी ओळखूच आला नाही. त्यांच्या एकट्यासाठी ऑफिसला सहीचं रजिस्टर ठेवावं लागलं. आज ते निवृत्त झाले की ते रजिस्टरही बंद होईल, आणि ती जागाही भरणार नाहीत असं कळतं. असो.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. धुळ्याजवळच्या खाणीत काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटीचे स्फटिक सापडतात. स्फटिक वाढताना त्यात पाण्याचा थेंब अडकतो, केसाच्या जाडीहून लहान. पाणी गरम असेल तर पुढे निवताना ते आकसतं आणि थेंबात बुडबुडा तयार होतो. काप हळूहळू तापवत न्यायचा. बुडबुडा ज्या अंशाला नाहीसा होतो, साधारण तितक्या गरम पाण्यात तो स्फटिक घडला असं धरायचं. मी एकशे चाळीस अंश असा निष्कर्ष छापला होता. त्यावर माझी पीएच.डी. झाली, थोडंफार नावही झालं.

सहा वर्षांपूर्वी जहांगीरभाऊंची मुलगी मिसबाह एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी माझ्याकडे आली. खाण तीच, स्फटिक तेच. पण तिच्या कापांत नुसतं पाणी. बुडबुडा नाही. म्हणजे ते पाणी पन्नास अंशांच्याही खाली अडकलेलं.

ती म्हणाली, "सर, तुम्ही काप काचेवर चिकटवताना हॉटप्लेटवर तापवले होते ना? मी गारच चिकटवले. त्यानं आतली पोकळी ताणली गेली असेल. तुमचे बुडबुडे नंतर तयार झालेत."

खरं तर मी काय करायला हवं होतं? एक काप न तापवता स्वतः बघायला हवा होता. मी म्हणालो, "चार महिने झाले नाहीत आणि मला शिकवतेस? सगळं परत कर."

हे मी वर्गासमोर बोललो. जहांगीरभाऊ शेजारीच मशीनवर होते. त्यांनी मान वर केली नाही.

मिसबाहनं पुन्हा सुरुवात केली. त्यातच तिला ताप आला. प्रकल्पावर माझी सही बाकी होती, म्हणून दोन दिवस ती तापातच प्रयोगशाळेत आली. डेंग्यू होता. दवाखान्यात नेल्यावर पाचव्या दिवशी ती गेली. बावीस वर्षांची होती.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यानंतर एका सकाळी आमचे शिपाई प्रेमराज धावत आले. "सर, जहांगीरभाऊ उनात. मशीनवर बठेल शेतस."

भाऊ कामावर परत आले होते, मशीनवर बसले होते. मी गेलो तेव्हा त्यांनी दोन काचा माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाले, "सर, एकाच स्फटिकाचे दोन काप आहेत. हा तुमच्यासारखा तापवून केला. हा गारच ठेवला, पाणी सोडत सोडत कापला. असं करून बघायचं म्हणून तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. मला त्यातलं कळत नाही. तुम्ही बघा."

मी बघितलं. तापवलेल्या कापात बुडबुडे होते. गार कापात एकही नव्हता. बराच वेळ मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. काढला असता तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

त्यांनी विचारलं, "पोरीचं बरोबर होतं का?"

"बरोबर होतं."

"मग तेवढं लिहून द्या."

पुढचं वर्षभर त्यांनी एकेक करत चव्वेचाळीस काप काढले, सगळे गार. मी माझा निष्कर्ष मागे घेतला. मिसबाहचा शोधनिबंध छापून आला तेव्हा भाऊंनी विचारलं, तिचं नाव कुठं आहे? मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले.

जहांगीरभाऊ, या सहा वर्षांत तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. आणि माझं चुकलं, हे मीही तुम्हाला तोंडानं कधी म्हटलं नाही. आज भाभींसमोर, सगळ्यांसमोर म्हणतो. माझं चुकलं. तिला सांगायला हवं होतं, ते आता तुम्हाला सांगतोय.

बोलण्याची संधी दिलीत, सगळ्यांचा ऋणी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर सभागृहानं पोटात घालावं. जहांगीरभाऊ, हे तुमच्याकडे मागत नाही. तुम्ही आधीच फार पोटात घातलंय.