भिंतीवरची रेजिना मावशी

नाही, पण यात माझं काय चुकलं ते सांगा! आख्खं नायगाव माझ्यावर खवळलंय, फादरनी चारचौघांत कान पिळला, आणि मी केलं काय तर सख्ख्या आजीला पिक्चरला नेलं... गुन्हा आहे का हो?

तुम्हाला सांगतो, आमची रेजिना मावशी ॲक्ट्रेस. खरीखुरी! बारा वर्षं नाटकात 'बाईसाहेब, चहा ठेवलाय' म्हणून आत जातेय. चहा तोच, बाईसाहेब बदलल्या! सिनेमात एकदा नर्स झाली, तर नुसती पाठ दिसली... पण पाठ काय होती, वा! आणि ती तोंडाला रंग लावून उभी राहिली त्या दिवसापासून मटिल्डा आजी, म्हणजे तिची सख्खी आई, तिच्याशी एक अक्षर बोललेली नाही. मावशी सणाला आली की आजी अंगणात जाऊन म्हणणार, 'जेवायचं असेल तर वाढून घे म्हणावं!' कोणाला? कोंबड्यांना!

तर मावशी मला म्हणाली, 'फेबू, या पिक्चरमध्ये मी पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे रे! आईला दाखव, बोलेल ती.' म्हटलं, दाखवतो! आजी, शेजारचे सॅन्टनमामा, आळीतल्या सात म्हाताऱ्या, सगळ्यांना वसईच्या टॉकीजमध्ये नेऊन बसवलं. हिरो आला, भिंतीकडे बघून रडला, 'आईऽऽ!' बघतो तर भिंतीवर मावशी. फोटोत! हार घालून! पहिल्यापासून शेवटपर्यंत होती हो, खोटं नाही बोलली...

आजीनं किंकाळी फोडली, 'माझी रेजिना गेली गो!'

'अगं आजी, ॲक्टिंग आहे ती!'

सॅन्टनमामा माझ्याच अंगावर, 'गाढवा, फोटो कधी ॲक्टिंग करतो? कामाला बोलावली असेल, त्याआधीच गेली बिचारी, म्हणून फोटो लावला!'

माझं काय चुकलं?

मावशी नाटकाच्या दौऱ्यावर सांगलीला. मी तार ठोकली, 'ताबडतोब ये.' तोवर इकडे मावशीच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, ठरली पण! चर्च फुल्ल! जी ॲनीकाकू 'नाटकवाली' म्हणून मावशीला दारात उभं करत नव्हती ती हुंदके देतेय, 'काय गुणाची पोर!' आणि आजी... मावशीचा फोटो छातीशी धरून, 'ये गो बाय एकदा, बोंबलाचं कालवण करते तुला...'

तेवढ्यात दारात मावशी! तिला वाटलेलं आईच गेली, तोंडावरचा रंग न पुसता एसटी पकडलेली. दोन म्हाताऱ्या बाकाखाली! फादरच्या हातातलं पुस्तक खाली! आजीनं धावत जाऊन जी मिठी मारली, सांगतो, मलाच रडू आलं... मग आजीच्या गालाला मावशीचा रंग लागला. बोटानं पुसून बघितला. झालं! तरातरा घरी, अंगणात, 'तोंड धुवून ये म्हणावं!' आणि ॲनीकाकू? 'मेली नव्हती तर सांगायचं ना, उगाच रडवलं!'

फोटो मात्र आजीनं खोलीत टांगला. रोज त्याच्याशी भांडते, रडते, पुढ्यात कालवणाची वाटी ठेवते. महिन्याच्या सुट्टीला आलेली मावशी मागच्या दारानं येऊन ती वाटी चाटूनपुसून खाते नि मला बजावते, 'फेबू, फोटो काढायचा नाही हं. बारा वर्षांत पहिल्यांदा चांगलं काम मिळालंय.'

आणि त्या फोटोला रोज ताजा हार कोणी आणायचा? मी!... आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?