पेरू का केळं

आष्ट्याच्या स्टँडवर मी सांगलीच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी सासू-सून, मधे त्यांची सहा वर्षांची पोर.

"आत्याबाई, पोरीच्या जिभेला पुन्यांदा वेखंड लावलंसा?"

"लावलं की. जीभ जड हाय तिची. आता आटपाडीच्या वैदूची पूडबी आणणार हाय."

"आवं, डाऊन सिंड्रोम हाय तिला. जन्माचं हाय ते, पुडीनं जाणार न्हाई. बोलायला शिकवणाऱ्या सांगलीच्या बाईंनी काय सांगितलंय? तिला इचारा आन् थांबा. तिचं तिला बोलू द्या."

"थांबतोच की आमी!"

"कवा थांबलासा?"

मला काही राहवेना. मी पोरीला विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?"

"शिवांजली," सासू म्हणाली.

"बघा! आत्याबाई, तुमाला इचारलं का?"

"तोंडातनं गेलं गं. लय वरडू नकोस."

मी पिशवी उघडली. "शिवांजली, पेरू पाहिजे का केळं?"

"केळंच द्या. पेरू कडक लागतो तिला."

"आत्याबाई!"

पोरीनं आजीच्या तोंडावर हात दाबला.

"आजी, गप." मग माझ्याकडं बघून, सावकाश, "पे... रू."

सुनेचे डोळे भरले. आजीनं तोंडावरचा हात काढला.

"बघितलंस? वेखंडानं गुण दिला!"