दातांचा बस्ता

मंडळी, गजेंद्र टेकाळेचं लग्न झालं! वाजतगाजत झालं, पंगती उठल्या!

...काय? कोणाचं लग्न? छे, छे! मी काही बोललोच नाही. पेटीवाले, तुम्ही काही ऐकलंत? नाही ना? मग झालं! गजेंद्र अजून बिनलग्नाचा आहे.

आज विचारतो एवढंच — हसायला दात लागतात का? तान्ह्या बाळाला एक दात नाही, हसतं! आजोबांना एक उरला नाही, हसतात! आणि बत्तीसच्या बत्तीस असलेला माणूस? तो बघा, खांबाला टेकून बसलाय, कोर्टात आल्यासारखा!

तर ऐका. खारवाडी गाव. तिथलं बोअरचं पाणी असं, की पिढ्यान् पिढ्या दातांवर तपकिरी डाग. गजेंद्रचेही तसेच. शाळेत पोरांनी चिडवलं, तेव्हापासून पठ्ठ्यानं ओठ मिटले ते मिटलेच. लग्न ठरलं, साखरपुडा झाला — हसू नाही! नवरी कावेरी मामाला म्हणाली, "मामा, माणूस गर्विष्ठ दिसतोय. आज बस्ता आहे. संध्याकाळपर्यंत एकदा हसला तर ठीक. नाहीतर शालू परत, मीही परत."

गजेंद्रला याचा पत्ता नाही! त्यानं गुपचूप वेगळाच बेत केलेला. कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर निकुंभ डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना. बस्ता बांधून झाला, तसा हा हळूच जिना चढला. पण मंडळी, बस्त्याला आलेली माणसं — कोणी एकटं जाऊ देतं? मागोमाग दोन्हीकडची सतरा माणसं वर!

डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, "नखाएवढी पातळ चिनी मातीची कपची असते. दाताच्या पुढून चिकटवायची. त्याआधी दात किंचित घासावा लागतो — आणि घासलेला दात परत पहिल्यासारखा होत नाही, बरं का. दहा-पंधरा वर्षांनी कपची बदलावी लागते. सुपारी फोडायची नाही. विचार करून सांगा. तोवर रंग पाहून ठेवू."

रंग! हा शब्द ऐकला आणि गजेंद्रच्या कौसाआत्या पुढं सरसावल्या. डॉक्टरीणबाईंनी गजेंद्रचे ओठ ताणून धरायला प्लॅस्टिकची कडी बसवली आणि सोळा रंगांच्या दातांची पट्टी काढली. ती गेली आत्यांच्या हातात!

"बाई, रंग पक्का आहे ना?"

"पक्का आहे."

"धुतल्यावर आटणार नाही ना?"

गजेंद्रचे काका पट्टी घेऊन खिडकीशी गेले, उन्हात धरली, दात चिमटीत चोळून पाहिला. "पोत बरा आहे. पण याहून भारीतला दाखवा! गिऱ्हाईक बघून काढू नका!"

"आणि एवढ्यावर टॉवेल-टोपी काय देणार?" — आत्या!

मंडळी, गजेंद्र खुर्चीत. हसण्याची उकळी फुटली. ओठ मिटायला गेला — मिटतात कुठले, कडी आहे! आणि तो हसला! खदखदून, डोळ्यांतून पाणी येईतो, सगळे तपकिरी दात उघडे टाकून हसला!

कावेरी पुढं आली. "अहो, एवढं हसू कुठं दडवलं होतं?"

कडी निघाली. तो म्हणाला, "दातांमागं."

"या दातांपायी? मला वाटलं, गर्व आहे! मामा, शालू राहू द्या." मग गजेंद्रला म्हणाली, "दातांचं तुमचं तुम्ही ठरवा. मला असेही चालतात."

आत्या म्हणाल्या, "मग आता कशाला घासायचे? हसलास की!"

"आत्या, ओठ धरून ठेवले म्हणून हसलो. मांडवात कोण धरणार? मला कपच्या लावायच्याच आहेत."

लावल्या! पुढच्या सहा दातांना. पांढऱ्याफटक नव्हे — सायीच्या रंगाच्या, त्याच्या त्यानं निवडलेल्या. टॉवेल-टोपी मिळाली नाही. आत्यांना एक ब्रश मिळाला, तो त्यांनी आहेरात दिला.

आता तुम्ही! तुमच्या दातांना काय झालंय? डाग असतील, तर डॉक्टर आहेत. पण घरच्यांसमोर मिटलेले ओठ — त्याला कोण कडी लावणार?

म्हणून आम्ही सरकारदरबारी अर्ज देत आहोत. विषय : ओळखपत्रावरील छायाचित्राबाबत. महोदय, सदर छायाचित्र खदखदून हसताना काढण्याची सक्ती व्हावी, आजवरची समस्त रागीट छायाचित्रे रद्द समजण्यात यावीत, आणि प्रत्येक केंद्रावर एक कौसाआत्या कायमस्वरूपी नेमण्यात यावी, ही नम्र विनंती.